चौथ्याचा फर्मा अकराव्यात

३ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक. यांचा गुडघा दुखतो, पण ते दुखणं आता घरातलंच माणूस झालंय. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिते आहे, तेव्हा उलटून वाच. मागच्या खेपेला तू एकच बाजू वाचून उत्तर पाठवलंस आणि मी विचारलेलं सगळं तसंच राहिलं.

आज तुझ्या कामातलं विचारायचं आहे. समोरच्या बिऱ्हाडात एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या. त्यांच्या सुनेला तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत गेलं. तिसरं डिसेंबरात. डॉक्टरीणबाईंनी नवराबायको दोघांचं रक्त घेऊन तुमच्यासारख्या कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवलं. मुलगा पुलाच्या कामावर परगावी असतो, म्हणून पाकीट बाईंनीच फोडलं.

आत दोन कागद होते. सुनेच्या कागदावर शेवटी लिहिलंय की काही दोष आढळला नाही. मुलाच्या कागदावर लिहिलंय की चार क्रमांकाचं गुणसूत्र आणि अकरा क्रमांकाचं, यांच्या टोकांची अदलाबदल झाली आहे. त्याखाली आकडे आणि अक्षरांची एक ओळ आहे. ती मी जशीच्या तशी वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत जोडली आहे. मला त्यातलं कळत नाही, पण उतरवण्यात माझी चूक होत नाही हे तुला ठाऊक आहे.

बाईंचं म्हणणं असं, की मुलगा धडधाकट आहे, लहानपणी गोवर सोडला तर कधी अंथरूण धरलं नाही. दोष त्याच्यात असता तर तो जन्मलाच कसा? तेव्हा प्रयोगशाळेत दोघांची नावं उलटसुलट तर झाली नसतील? तुम्हा लोकांकडून होतं का असं कधी? शंभर बाटल्या एका रांगेत, चिकटवणाराही माणूसच.

सुनेने पाकीट पाहिलं तेव्हा दारातच विचारलं, "माझ्यातच आहे ना काहीतरी?" बाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सून बॅग भरून माहेरी गेली. असो, लोकांच्या घरातलं.

आमची सूनबाईही सध्या माहेरीच आहे, विश्रांतीला.

लवकर लिही. बाई रोज विचारतात.

तुझी ताई

११ मार्च

ताई,

नमस्कार. दोन्ही बाजू वाचल्या. चिठ्ठी तर चारदा वाचली.

आधी नावांचं. ती उलटी झालेली नाहीत. तू उतरवलेल्या ओळीत ज्या रक्तात अदलाबदल लिहिली आहे, त्याच रक्तात पुरुषाची एक्स-वाय जोडीही लिहिली आहे. सुनेच्या रक्तात ती असणं शक्य नाही. त्या मुलीच्या कागदावर काही दोष नाही म्हणजे नाही.

आता तो जन्मला कसा ते सांगते. तुला समजेल, तू बाबांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात माझ्यापेक्षा जास्त फर्मे, शिवायचे पानांचे जुडगे, दुमडले आहेस.

समज, बांधायला तेवीस भागांचा एक ग्रंथ आलाय आणि त्याच्या दोन प्रती आहेत. प्रत्येक माणसाच्या पेशीत असंच असतं. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आता मूल व्हायचं तर आईबापांनी एकेकच प्रत द्यायला हवी, नाहीतर पिढीगणिक ग्रंथ दुप्पट होत जाईल आणि ठेवायला फळी पुरायची नाही. म्हणून स्त्रीचं अंडं किंवा पुरुषाचं बीज तयार होताना शरीर दोन प्रतींची एक करतं. शाळेत त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणायचे. ते तू पाठ केलं होतंस आणि मी तुझ्या वहीतून उतरवलं होतं.

पण शरीर एक संच उचलून तसाच देत नाही. आधी आईकडचा पहिला भाग आणि वडिलांकडचा पहिला भाग शेजारी ठेवतं, पानाला पान लावून, आणि त्यांची काही पानं आपसात बदलतं. अशाच दुसऱ्या भागाच्या, तिसऱ्याच्या, सगळ्या जोड्या. मग प्रत्येक जोडीतला एक भाग इकडे जातो, एक तिकडे. कोणता कुठे जाईल याला नियम नाही, आणि एका जोडीचं दुसरी विचारत नाही. म्हणून एकाच पोटची दोन मुलं कधी सारखी निघत नाहीत. तुला आईची सुई आली आणि मला आईचं तोंड आलं ते असंच.

त्या मुलाच्या बाबतीत काय झालंय, की एका प्रतीत चौथ्या भागाचा शेवटचा फर्मा अकराव्यात शिवला गेलाय आणि अकराव्याचा चौथ्यात. दुसरी प्रत ठीक आहे. त्याच्या घरात सगळी पानं आहेत, फक्त जागा बदललीय. म्हणून तो जन्मला, वाढला, पूल बांधतो. अडचण वाटणीच्या वेळी येते. एखाद्या बीजाला चुकीचा शिवलेला चौथा मिळाला आणि चांगला अकरावा मिळाला, तर त्याच्याकडे चौथ्याचा शेवटचा फर्मा नाहीच, आणि अकराव्याचा दोनदा. अशा अपुऱ्या ग्रंथावर गर्भ फार दिवस वाढत नाही.

यात त्या मुलाने काही केलं नाही. मुलीने तर नाहीच नाही.

हे असं शिवलेले भाग बहुतेक वेळा आईबापांपैकी कुणाकडून तरी आलेले असतात. त्या बाईंना एकदा विचार, त्यांचं कधी गेलं होतं का. उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल.

सूनबाईला माहेरी जाऊन किती दिवस झाले?

धाकटी

२४ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. पत्र मिळालं. बाईंना वाचून दाखवलं. त्यांचं कधी काही गेलेलं नाही. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

फर्म्याचं समजलं. पण कोणता भाग कुठे जाईल याला नियम नाही म्हणतेस, ते मला पचलं नाही. आपण काय सोडतीची तिकिटं आहोत? माणूस घडवताना देव डोळे मिटून पेटीत हात घालतो, असं मला म्हणवत नाही. तू यंत्रातून बघतेस, तुला म्हणवत असेल.

परवा त्यांचे व्याही आले होते. घड्याळं दुरुस्त करतात, माणूस शांत. मी तिथेच होते म्हणून सगळं ऐकलं. खुर्चीवर बसले नाहीत.

बाई म्हणाल्या, "चहा तरी घ्या."

"नको. घेतला की बसावं लागतं." पिशवीतून घटस्फोटाचा कागद काढला. "मुलीने सही करून दिलीय. तिचं म्हणणं, माझ्यामुळे त्यांनी का अडकून पडावं, दुसरं लग्न करू दे. मी पुष्कळ सांगितलं. ऐकत नाही. तीस एप्रिलला वकिलाकडे दोघांनी जायचं."

बाईंनी कागदाची घडी उलगडली नाही.

"विहीणबाई, त्या तपासणीत नक्की काय आलंय? ती मला सांगत नाही. म्हणते, मी वाचलं नाही, पण मला कळलं."

"डॉक्टरी भाषा ती. आपल्याला काय कळणार त्यातलं?"

"मी बारीक काम करणारा माणूस आहे. दाखवा तर."

"मुलाकडे आहे कागद."

ते गेले. जाताना भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे म्हणाले, आणि न विचारता लावून गेले.

कागद मुलाकडे नाही. तो माझ्या शिवणयंत्राच्या खणात आहे, बाईंनी ठेवायला दिलाय. मुलाला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की तुझी तब्येत उत्तम आहे, काळजी करू नकोस. ते काही खोटं नाही. त्याला बायको का गेली ते कळेना झालंय. तो इतका फोन करतो, ती उचलत नाही.

तुझ्या शास्त्रात एखाद्याच्या गप्प राहण्याने काही बिघडतं का? कागदावर जे आहे ते आहेच. बोललं काय, न बोललं काय, गेलेली तीन काही परत येत नाहीत.

ताई

२ एप्रिल

ताई,

समोरच्या बिऱ्हाडात बाई नाहीत. तिथे तीन वर्षं कुलूप आहे, तूच दिवाणखान्याच्या रंगकामाबद्दलच्या पत्रात लिहिलं होतंस. पण मला कुलपामुळे कळलं नाही. मला तुझ्या पहिल्या चिठ्ठीवरूनच कळलं होतं.

मी या प्रयोगशाळेत लागले तेव्हा नवख्यांना काम शिकवायला कुणाचं तरी रक्त लागायचं. मी माझं दिलं. रक्त तीन दिवस उबेत ठेवायचं, पेशी दुभंगायला लागल्या की थांबवायच्या, काचेवर थेंब उंचावरून सोडायचा, रंगवायचा, फोटो काढायचा. तेव्हा ते फोटो कात्रीने कापून, जोड्या लावून कागदावर चिकटवत असू. बाबांची मुलगी म्हणून माझी कात्री चांगली चालायची. बाकीच्या जोड्या मी लावल्या आणि चार नंबरला अडले. एक लांब, एक आखूड. अकरालाही तसंच. शिकवणारी म्हणाली, चुकीचे कापलेस, पुन्हा काप. मी तीन फोटो कापले. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याला सतरा वर्षं झाली. तू उतरवून पाठवलेली ओळ, ती पुरुषाची जोडी सोडली तर, माझ्या कागदावर अक्षरन्अक्षर आहे. भाग तेच, आणि तुटल्याची जागाही तीच. दोन परक्या घरांत हे असं जुळत नाही. हे आईकडून किंवा बाबांकडून आपल्याला आलंय, आणि तुझ्याकडून त्याला.

माझी चार गेली, ताई. चौथ्यानंतर सासरच्यांनी मला परत पाठवलं तेव्हा तू पत्र लिहिलं होतंस, की देवाचं काही राहून गेलं असेल, आठवून बघ. मी वर्षभर आठवत होते.

आणि आता माझं ऐक. तुझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्ही आधीच रक्त तपासून घेतलं असतं, ती मुलगी तीनदा अंधारात गेली नसती. मी कार्ड घेऊनही बसले होते. लिहिलं नाही. त्या क्षणी मनात आलं, की तुलाही एकदा आठवून बघू दे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी तुला शिकवायला लायक नाही. पण तीस तारखेला ती मुलगी चुकीच्या समजुतीवर संसार मोडतेय. तिला तो कागद दे. तू देणार नसशील तर मी देईन.

धाकटी

९ एप्रिल

सतरा वर्षं. माझ्या हातचं जेवून गेलीस, माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवलास, लग्नात त्याच्या बायकोला साडी दिलीस आणि गप्प बसलीस. मी दोन महिने गप्प बसले तर मला तारीख घालून देतेस.

त्या पत्राबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलं होतं खरं. कोणत्या तोंडाने काय लिहू.

तू सांगतेस तितकं सोपं नाही ते. कागद दिला की ती मुलाला सांगणार. तो माझ्याकडे बघेल तेव्हा त्याला काय दिसेल? वीस वर्षं रोज पहाटे देवापुढे उभी राहून ज्याच्यासाठी मागणं मागितलं, त्याच्या पदरात हे मीच टाकलं. मी मागत होते आणि देणारीही मीच होते. हे यांनाही सांगितलेलं नाही. जेवताना हे म्हणाले, आमटीत मीठ नाही. मी म्हटलं, असेल.

आणि ती? तिला कळलं की दोष तिच्यात नाही, तर ती त्याच्याजवळ का राहील? आत्ता ती त्याच्या भल्यासाठी जातेय. मग स्वतःच्या भल्यासाठी जाईल. जाणार ती दोन्हीकडून. मग मी सांगून काय मिळवलं?

त्यांना धड मूल होऊ शकतं का, एवढंच लिही. खोटा धीर नको.

१४ एप्रिल

ताई,

होऊ शकतं. सोपं सांगायचं तर वाटणीच्या चार मुख्य तऱ्हा. एकीत बीजाला दोन्ही भाग चांगले मिळतात. दुसरीत दोन्ही चुकीचे शिवलेले मिळतात, तेव्हा सगळी पानं असतात आणि मूल तुझ्यामाझ्यासारखं, तुझ्या मुलासारखं होतं. उरलेल्या दोहोंत कमीजास्त होतं आणि बहुधा टिकत नाही. प्रत्येक तऱ्हा चारात एकदाच येईल असा हिशेब मात्र नसतो, ते तुटल्याच्या जागेवर अवलंबून आहे. क्वचित अपुरं मूल जन्मालाही येतं, हेही त्यांना कळायला हवं. यासाठी समजावून सांगणारे डॉक्टर असतात, गर्भाची आधी तपासणी करता येते. पण दोघांनी मिळून जावं लागतं, आणि खरं ठाऊक असावं लागतं.

तू पदरात टाकलं म्हणतेस. तू काही टाकलं नाहीस. मुलीची अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. तेव्हाच भाग शेजारी ठेवले जातात, पानं बदलली जातात, आणि मग काम मध्येच थांबतं, वीसतीस वर्षं. म्हणजे तुझ्या मुलाचं ते अंडं तू जन्मायच्या आधीच तुझ्यात होतं. तू पहिली प्रार्थना शिकलीस त्याच्या कितीतरी आधी. त्यात तुझं पुण्यही नाही आणि पापही नाही.

कागदाचं मात्र तुझं आहे. तशी कार्डाची चूक माझी.

ती राहील की जाईल, मला ठाऊक नाही.

धाकटी

४ मे

धाकटे,

अठ्ठावीस तारखेला मी गेले. यांना सगळं सांगून गेले. हे बराच वेळ पायातली चप्पल बघत बसले आणि म्हणाले, "मी येऊ का?" म्हटलं, नको, जिने आहेत.

व्याह्यांचं दुकान पुढे आणि राहणं मागे. दुकानात वीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यांनी भिंगातून वर पाहिलं आणि आतला पडदा बाजूला केला. सूनबाई शाळेच्या वह्या तपासत बसली होती. वाळलीय. मला पाहून उठली, "आई, तुम्ही?" म्हणाली, आणि सवयीने खुर्ची पुढे केली. ती खुर्ची पुढे केली तिथेच माझं अर्धं अवसान गेलं.

मी कागद वह्यांवर ठेवले. दोन्ही. तिने वाचले. मग मुलाचा कागद परत घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचला, मुलांना शिकवते तशी.

"हे कधी आलं?"

"नऊ फेब्रुवारीला."

"मी दारात विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हा तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. मी तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. तेवीस भाग, फर्मा, चार तऱ्हा, तपासणीचं. तिला फर्मा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून तिच्याच एका वहीची पानं उलटून दाखवली. ती शास्त्राचं मला वाटलं त्याहून पटकन समजली. मग तिने विचारलं, "तुमचं कधी गेलं होतं का?"

धाकटे, तुला मी लिहिलं होतं की बाईंचं कधी काही गेलं नाही. दोन गेली होती. एक मुलाच्या आधी, एक नंतर. सासूबाई म्हणाल्या होत्या, बाहेर बोलायचं नाही, नजर लागते. मी आईलाही बोलले नाही. तुझी जात होती तेव्हा तुला सांगितलं असतं तर तू एकटी पडली नसतीस. उलट मी तुला तसलं पत्र लिहिलं. आपलं ठीक झालं म्हणजे आपण काहीतरी बरोबर केलं, असं मला वाटत होतं.

मी तिला सांगितलं, "दोन."

ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीत होतं, कसं वाटतं ते."

रागाने नाही म्हणाली. तपासलेल्या वहीवर शेरा लिहावा तसं म्हणाली. मी पिशवी उचलली.

निघताना म्हणाली, "मी सही मागे घेतली असं समजू नका. घेईन की नाही, मला आज सांगता येत नाही. त्यांना इथे पाठवा. कागद माझ्याजवळ राहू दे. मी दाखवेन त्यांना, तुम्ही नको."

"त्याला आधी थोडं सांगू का?"

"सांगा. तुमच्या तोंडून ऐकू दे, की तुम्ही लपवलंत. बाकीचं माझ्याकडे."

मी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला. स्वयंपाकघरात उभं राहूनच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं. तो ऐकत होता. मला वाटलं होतं ओरडेल. त्याने हातपाय धुतले, टॉवेल जागेवर लावला आणि म्हणाला, "आई, ती दोन महिने स्वतःला दोष देत होती आणि मी तिला फोनवर म्हणत होतो, तू अशी का वागतेस." तेवढंच. आणि सकाळच्या गाडीने गेला. चल म्हणाला नाही, मीही निघाले नाही.

तीस तारीख होऊन गेली. ते दोघं वकिलाकडे गेले की डॉक्टरांकडे, मला कळलेलं नाही. हे म्हणतात, व्याह्यांना फोन कर. मी करत नाही. पहाटे देवापुढे उभी राहते, पण काय मागावं ते ठरत नाही, म्हणून नुसतीच उभी राहते.

तू कार्डाबद्दल लिहिलंस ते मी पुन्हा एकदा वाचलं. मला तुझा राग आला होता, अजून आहे थोडा. तुलाही माझा असेल. तो असू दे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातल्या बाकीच्यांचंही रक्त तपासून ठेवावं. मी तुझ्याकडेच येते. उपाशीपोटी यायचं का ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे गाडी धरेन. आणि सुई तूच टोचशील ना, तेही लिही. दुसऱ्या कुणापुढे हात करायला मला नको वाटतं.

ताई